आधी बघा, मग बोला

वाचकहो, घरातल्या कलेविषयी, मुलांच्या आणि तुमच्या स्वतःच्याही, प्रश्न पाठवा असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरभरून आली. मी चित्रकला शिकवते. सकाळी मुलांचा वर्ग असतो, संध्याकाळी मोठ्यांचा. त्यामुळे पत्रं वाचताना ओळखीचेच आवाज कानावर पडत होते. मुलांचे आईवडील विचारतात, ‘हे बरोबर चाललंय ना?’ मोठी माणसं स्वतःबद्दल विचारतात, ‘आता काही जमेल का?’ रंग अजून वाळलेला नसतो आणि निकालाची घाई सुरू होते. ही घाई मला मनापासून खुपते. या वेळच्या बहुतेक उत्तरांत मी तिच्याशीच भांडले आहे. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, म्हणून कुणाचंच नाव देत नाही. लांब पत्रं थोडक्यात दिली आहेत.

ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. माणूस काढायचा म्हटलं की एक मोठा गोल, त्यालाच खाली दोन पाय आणि बाजूला दोन हात. पोट नाही, मान नाही. परवा जांभळं कुत्रं काढलं, त्याला पाच पाय. आजोबा शेजारी बसून ‘असं नसतं रे, हे बघ असं’ म्हणत काढून दाखवतात. करतात ते प्रेमानेच. पण आता तो कागद घेऊन त्यांच्याकडे जातो आणि ‘तुम्हीच काढा’ म्हणतो. त्याला शिकवावं की नाही? आणि नुसतं ‘छान छान’ म्हणू नये असं वाचलं, मग म्हणायचं तरी काय? — एक आई

डोक्यालाच पाय फुटलेला तो माणूस अगदी वेळेवर आला आहे. जगात कुठेही जा, साधारण तीन-चार वर्षांची मुलं असाच माणूस काढतात. त्याआधी दीड-दोन वर्षांपासून नुसत्या रेघोट्या चालू असतात. मग कधीतरी सुटलेली रेघ फिरून स्वतःलाच येऊन मिळते आणि गोल बंद होतो. मोठ्यांच्या लक्षातही येत नाही, पण केवढी मोठी मजल असते ती! गोल बंद झाला की त्याला आत आणि बाहेर येतं. आत डोळे ठेवता येतात, बाहेर पाय काढता येतात. तुमच्या मुलाने हे कुणी न शिकवता केलं.

ल्यूके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने स्वतःच्या मुलीची चित्रं वर्षानुवर्षं जपून ठेवली आणि १९१३ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. लहान मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला माहीत असतं ते काढतं, हे त्यांनी उलगडून दाखवलं. म्हणून मुलांच्या चित्रात घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात आणि टेबलाचे चारही पाय चार दिशांना पसरतात. जे महत्त्वाचं ते मोठं, बिनमहत्त्वाचं ते गायब. पाचव्या पायाचं म्हणाल तर एकदा त्यालाच विचारा. मला वाटतं, ती शेपूट निघेल. जांभळ्या रंगाला तर हात लावू नका. या वयात मूल रंग निवडतं तो आवडला म्हणून. झाड हिरवं, आभाळ निळं ही जोडी बहुतेकांच्या चित्रात पुढे सहा-सात वर्षांच्या सुमाराला पक्की होते.

आता आजोबा. त्यांना उठवू नका, कारण शेजारी बसून चित्र काढणारा म्हातारा माणूस ही मुलासाठी फार मोठी गोष्ट आहे. फक्त त्यांना त्यांचा स्वतःचा कागद द्या. त्यांनी त्यावर आपल्याला हवं ते काढावं. नातवाच्या कागदावर मात्र पेन्सिल टेकवायची नाही आणि त्याच्यासाठी नमुना काढायचा नाही. साडेचार वर्षांच्या हाताला आजोबांचं कुत्रं जमणं शक्य नाही. त्याला एवढंच कळतं की खरं कुत्रं आजोबांचं आणि आपलं खोटं. मग ‘तुम्हीच काढा’ हे ओघानेच आलं.

तो पुन्हा तसं म्हणाला तर ‘नाही’ म्हणून परतवून लावू नका. त्याला कुत्र्याकडे घेऊन जा. कान हाताला कसे लागतात, उभे की पडलेले? धावताना पोट जमिनीपासून किती वर असतं? दोघं मिळून कुत्र्यासारखं धावून दाखवा, अंग खाजवून दाखवा. अंगात शिरलेलं कागदावर आपसूक उतरतं. माझ्या वर्गात लहान मुलं चित्राला बसण्याआधी हमखास धावपळ करून घेतात, आणि त्या दिवशी चित्रातल्या पायांना गुडघे येतात.

म्हणायचं काय? जे दिसतं ते म्हणायचं. ‘इथे तू फार जोर लावलास, रेघ जाड झालीय.’ ‘हा कोपरा मोकळा ठेवलास.’ ‘लाल आणि पिवळा इथे एकमेकांत गेलेत, कसं केलंस?’ अशा वाक्यातून मुलाला कळतं की आईने चित्र खरंच बघितलंय. ‘छान’ म्हणायला मान वर करायचीही गरज लागत नाही, आणि ते मुलांना बरोबर समजतं. ‘हे काय आहे?’ हेसुद्धा शक्यतो टाळा. कधी कधी ते काहीच नसतं, हाताचा नाच असतो. तुम्ही विचारलंत म्हणून बिचारं मूल काहीतरी नाव शोधतं. एकदा एका मुलीने कागदभर बारीक बारीक टिंबं काढली होती. काढतच होती. मी विचारलं, ‘हात दुखला का गं?’ ती म्हणाली, ‘पाऊस थांबतच नव्हता ना.’ ‘हे काय काढलंस’ असं विचारलं असतं तर ‘टिंबं’ एवढंच उत्तर मिळालं असतं.

माझी मुलगी दहा वर्षांची. आतापर्यंत हातात कागद येईल त्यावर चित्र काढायची. या वर्षी एकदम थांबली. काढते, खोडते, पुन्हा काढते, कागद फाटेपर्यंत खोडरबर चालवते आणि ‘मला येतच नाही’ म्हणून रडते. आम्ही तिला सारखं सांगतो की तुझं चित्र सुंदर आहे, तर आणखीच चिडते. आवड संपली असं समजायचं का? — एक बाबा

बाबा, आवड संपली असती तर ती रडली नसती.

कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. त्यांत साधारण नऊ ते बारा हा टप्पा असा की मुलाला आपलं चित्र आणि समोरची वस्तू यांतलं अंतर दिसायला लागतं. त्याच सुमाराला बरोबरीच्या मुलांचं मतही फार मोलाचं वाटू लागतं. तुमच्या मुलीची नजर पुढे गेली आहे, हात मागे राहिला आहे. ही वाढ आहे. पण तिला ती आतून हरल्यासारखी वाटते, आणि बहुतेक माणसांचं चित्र काढणं कायमचं सुटतं ते याच वळणावर. संध्याकाळच्या वर्गातली पन्नाशीची माणसं माणूस काढताना बघा, दहा-अकरा वर्षांच्या मुलाने काढावा तसा काढतात. तिथेच थांबली होती ना ती. म्हणून तुमचं पत्र मला सगळ्यात निकडीचं वाटलं.

‘सुंदर आहे’ म्हणणं आधी बंद करा. तिला दिसतंय की घोड्याचा मागचा पाय चुकलाय. तुम्ही सुंदर म्हणालात की तिच्या मनात दोनच शक्यता उरतात: बाबांना दिसत नाही, किंवा बाबा खोटं बोलतात. त्यापेक्षा विचारा, ‘कुठे अडतंय?’ ती पायाकडे बोट दाखवेल. तिथून काम सुरू होतं. वरच्या साडेचार वर्षांच्या मुलाला मी काही शिकवू नका म्हटलं. तुमच्या मुलीला मात्र शिकवायलाच हवं. या वयात ‘मनाला येईल ते काढ’ म्हणून मोकळं सोडणं म्हणजे तिला एकटं पाडणं आहे.

खोडरबर कपाटात ठेवा आणि साधं बॉलपेन द्या. पहिला अभ्यास: डावा हात टेबलावर ठेवायचा, नजर त्याच्या कडेवर ठेवायची आणि कागदाकडे अजिबात न बघता रेघ चालवायची. मी मुलांना सांगते, बोटाच्या कडेने एक मुंगी चालली आहे, तुझं पेन तिच्याबरोबर चालू दे. तिने घाई केली नाही तर तूही करायची नाही. चित्र वेडंवाकडंच येतं. पण नखाजवळची एखादी घडी, सांध्यावरची सुरकुती इतकी खरी येते की मुलं स्वतःच चकित होतात. शिवाय कागद बघायचाच नाही, त्यामुळे बरोबर-चूक तपासायला फुरसत मिळत नाही.

दुसरा: खुर्ची काढायची नाही, खुर्चीच्या मधल्या मोकळ्या जागा काढायच्या. पायांमधली, पाठीच्या दांड्यांमधली. प्रत्येक जागेचा आकार नीट बघून काढला की खुर्ची आपोआप उभी राहते. तिसरा: एखादं रेखाचित्र उलटं धरायचं, डोकं खाली आणि पाय वर, आणि तसंच उतरवायचं. बहुतेकांना सुलट चित्रापेक्षा उलटं चांगलं जमतं. कारण ‘डोळा’ म्हटलं की आपण डोळ्याची पाठ झालेली खूण काढतो. उलट्या चित्रात तो डोळा राहत नाही, नुसती वळणं आणि कोन उरतात. मेंदूचा उजवा भाग कलेचा आणि डावा हिशेबाचा, अशी या अभ्यासाची कारणमीमांसा बरेच जण सांगतात. ती जशी सांगतात तशी शास्त्राला मान्य नाही. अभ्यास मात्र उपयोगी पडतो, हे मी रोज बघते.

हे सगळं ‘चल, तुला शिकवतो’ म्हणून करू नका. स्वतःचा बूट टेबलावर ठेवा आणि तिच्या शेजारी बसून तुम्ही काढायला लागा. तुमचं कसंही येऊ दे. फक्त ‘बघ, माझं किती वाईट आलंय’ असं तोंडातून जाऊ देऊ नका. स्वतःच्या कामाला नावं ठेवायची सवय मुलं आपल्याकडूनच उचलतात. ‘या लेसची गाठ बघ कशी गुंतलीय, मला तर कळेना रेघ कुठून सुरू करू’ असं म्हणा. बहुधा तीच पेन घेईल.

आणि एक. हुबेहूब काढणं हा एकच रस्ता नाही. काही मुलांना माती हातात दिली की सुटतात, काहींना चौकटी-चौकटींतून गोष्ट सांगायला आवडते, काहींना कात्री, काहींना कॅमेरा. माझ्याकडे एक मुलगा महिनोन् महिने चित्रच काढायचा नाही. पुठ्ठ्याला खिळपिना लावून हलणारे प्राणी करायचा. पुढे त्या प्राण्यांचे सांधे कुठे बसवायचे ते ठरवायला त्याला रेखाटनं लागू लागली. गरज त्याची होती, म्हणून हातही त्याचाच चालला.

चित्रकलेच्या स्पर्धांना मुलांना पाठवावं का? माझी सहा वर्षांची मुलगी बक्षीस मिळेल म्हटलं की जास्त चित्रं काढते. — आणखी एक आई

जास्त काढते, यात शंका नाही. पण पुढे काय होतं, ते एका जुन्या प्रयोगात फार स्वच्छ दिसलं. १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयाची, चित्रं काढायची मुळातच हौस असलेली मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता शेवटी अचानक तेच दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंग नुसते मांडून ठेवले आणि कोण किती वेळ रमतं ते बघितलं. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्राकडे वळली. अचानक मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नाही. आणखी एक गोष्ट: बक्षिसासाठी काढलेली चित्रं, कुणी कशासाठी काढली हे माहीत नसलेल्या परीक्षकांनाही डावी वाटली.

म्हणजे दोष भेटवस्तूत नव्हता, आधी केलेल्या सौद्यात होता. म्हणून सहाव्या वर्षी स्पर्धा नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. थोडी मोठी झाल्यावर मैत्रिणींबरोबर जावंसं तिलाच वाटलं तर जरूर जाऊ द्या. पण परत आल्यावर पहिला प्रश्न ‘नंबर आला का?’ हा नको. काय काढलंस, कुठला रंग पुरला नाही, शेजारच्या मुलीने काय काढलं होतं, हे निकाल लागण्याआधी बोलून घ्या. आणि घरात ‘पाच चित्रं काढलीस तर अमुक देईन’ हे आजपासून थांबवा.

रंगवण्याच्या तयार पुस्तकांनी मुलांची कल्पकता मरते का?

मरत नाही. दमलेल्या मुलाला, आणि दमलेल्या मोठ्या माणसालाही, तयार आकारात रंग भरत शांत बसावंसं वाटतं. बसू द्या. फक्त घरात कोऱ्या कागदांचा गठ्ठा त्या पुस्तकापेक्षा जवळ आणि हाताला लागेल असा असावा.

मी ६१ वर्षांचा, नुकताच निवृत्त. शाळेत चित्रकलेच्या बाईंनी वर्गापुढे माझी वही उंच धरून दाखवली होती आणि सगळे हसले होते. त्यानंतर ब्रश हातात घेतला नाही. आता वेळ आहे, रंग आणून ठेवलेत, चांगला कागदही आणला. पण त्या कागदावर पहिला ठिपका टेकवायचं धाडस होत नाही. या वयात सुरुवात करण्यात अर्थ आहे का? — एक वाचक

काका, त्या दिवशी वर्गात जे झालं ते फार वाईट झालं. इतकी वर्षं तुम्ही ते मनात वागवलंत, म्हणजे त्या मुलाला चित्र किती जवळचं होतं हे मला कळतं.

वयाचं आधी बोलते. रवींद्रनाथ ठाकूर साठी ओलांडल्यावर चित्रांकडे वळले. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द ते रेघांनी एकमेकांना जोडत. त्या खाडाखोडीतून पक्षी, चेहरे, विचित्र जनावरं वर येऊ लागली. १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन झालं तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते, आणि अखेरपर्यंत त्यांनी दोन हजारांहून जास्त चित्रं काढली. अमेरिकेतल्या अ‍ॅना मेरी मोझेस या शेतकरी बाई पंच्याहत्तरी उलटल्यावर नेमाने रंगवू लागल्या. संधिवातामुळे भरतकामाची सुई धरवेना, ब्रश धरता येत होता, म्हणून. १९४० साली, ऐंशीव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन झालं. १०१ वर्षं जगल्या आणि चित्रं काढत राहिल्या. तुमच्याकडे प्रदर्शन व्हावं म्हणून हे सांगत नाही. या दोघांचीही सुरुवात हाताशी असलेल्या गोष्टीतून झाली, ते तुम्हाला दाखवायचंय. एकाची खाडाखोड, एकीची न धरवणारी सुई.

म्हणून तो चांगला कागद सध्या कपाटात जाऊ दे. महाग कागद सुरुवातीच्या माणसाला गप्प करतो. एका बाजूने छापलेले जुने कागद घ्या, वर्तमानपत्र घ्या. पहिला आठवडा चित्र काढूच नका, फक्त रंगाशी ओळख करून घ्या. पाणी जास्त घेतलं तर काय होतं, कमी घेतलं तर काय, ओल्यावर ओला सोडला की कुठवर पसरतो, निळ्यात तपकिरी मिसळला की किती तऱ्हेचे राखाडी मिळतात. यात चुकायला काही जागाच नाही. मग दोनच रंग घेऊन खिडकीतून दिसणारा उजेड आणि सावली उतरवा. सगळी पेटी उघडली की माणूस गांगरतो. दोन रंगांत डोकं चालतं.

वेळ ठरलेली असू द्या, अर्धा-पाऊण तास, आणि तेवढं झालं की उठा. चित्र अर्धं राहिलं तर फार बरं, दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं हा प्रश्न पडत नाही. महिनाभर कुणालाही दाखवू नका. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की हा कोपरा बघायचा नाही. प्रेमाने केलेली वाहवासुद्धा या काळात तुमच्या हाताला जड करेल.

पाऊण तासावरून आठवलं. २०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेनं, कागदांची कात्रणं असं साहित्य देऊन हवं ते करू दिलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते उतरलं होतं, आणि आधी कलेचा सराव असण्या-नसण्याने त्यात लक्षणीय फरक पडला नाही. छोटा अभ्यास आहे, शिवाय तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावर फार मोठा डोलारा उभा करू नये. पण संध्याकाळी वर्गातून जाणाऱ्या माणसांचे खांदे मी बघते, आणि मला हा निष्कर्ष पटतो.

माझे यजमान पक्षाघातानंतर उजव्या हाताने नीट लिहू शकत नाहीत. आधी उत्तम रेखाटनं करायचे. आता डाव्या हाताने केलं तर स्वतःवरच रागावतात. काही सुचवाल? — एक वाचक

हाताच्या व्यायामाबद्दल त्यांच्या उपचारतज्ज्ञांशी बोला, ते मी सांगणं बरोबर नाही. चित्राबद्दल सांगते. आधीच्या रेखाटनांशी तुलना होईल असं काम सध्या नकोच. फ्रेंच चित्रकार आंरी मातिस यांचं १९४१ साली मोठं ऑपरेशन झालं. नंतर त्यांचा बराच वेळ अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत जाऊ लागला. त्यांचे सहायक कागद रंगवून द्यायचे आणि ते कात्रीने त्यांतून आकार कापायचे. त्यांची पुढची मोठमोठी कामं अशी झाली. तुमच्याकडे कापण्यापेक्षा फाडणं सोपं जाईल. कागद तुम्ही रंगवून द्या, फाडायचं आणि कुठे लावायचं ते त्यांनी ठरवायचं. खाली जाड पुठ्ठा, आणि कागद सरकू नये म्हणून कडांना चिकटपट्टी. फाटलेली कड मुळातच वेडीवाकडी असते, त्यामुळे हात थरथरला तरी काही बिघडत नाही.

मी २७ वर्षांचा आहे, कविता लिहितो. म्हणजे दोन ओळी लिहितो, मग मोबाइलवर इतरांच्या कविता वाचतो, त्यांना मिळालेली पसंती बघतो आणि आपलं खोडून टाकतो. गेल्या वर्षभरात एकही कविता पूर्ण झालेली नाही.

तुमच्या पत्रातला क्रम बघा: लिहिणं, लगेच बाहेर बघणं, लगेच खोडणं. १९८५ साली टेरेसा अमाबिले या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लिहिणाऱ्या तरुणांवर एक प्रयोग केला होता. एक छोटी कविता लिहून झाल्यावर काहींना ‘आपण का लिहितो’ याची कारणं क्रमाने लावायला सांगितली. कारणांची यादी एका गटाला दिली ती नाव, पैसा, वाहवा अशा बाहेरच्या गोष्टींची. दुसऱ्याला दिली ती लिहिण्यातल्या आनंदाची. मग पुन्हा एक कविता लिहायला सांगितली. बाहेरच्या कारणांचा विचार करून बसलेल्यांची दुसरी कविता परीक्षकांना कमी सर्जनशील वाटली. काही मिनिटांचा विचार पुरला! तुम्ही तर तो प्रत्येक दोन ओळींनंतर करता.

लिहायची वेळ आणि पारखायची वेळ वेगळी ठेवा. वहीत, पेनाने लिहा, फोन दुसऱ्या खोलीत. खोडायचं असेल तर एकच आडवी रेघ, खालचा शब्द वाचता यायला हवा. पारखायचं आठ दिवसांनी, मोठ्याने वाचून. कान खोटं बोलत नाही. आणि स्वतःला थोडं बांधून घ्या. घरातली एक वस्तू, बारा ओळी, एकही विशेषण नाही. फसली तरी बारावी ओळ लिहायचीच. शेवटापर्यंत जाणं हे वेगळं कसब आहे आणि ते शेवटापर्यंत गेल्यावरच येतं. वर्षभर सुरुवातींचाच सराव झालाय तुमचा.

तेरा वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘कॉम्प्युटरला सांगितलं की तो एका क्षणात चित्र काढून देतो, मग मी कशाला शिकू?’ मला उत्तर सुचलं नाही.

प्रश्न चांगला आहे, त्याला उडवून लावू नका. १८३९ साली छायाचित्रणाचं तंत्र जगापुढे आलं तेव्हाही चित्रकारांना हाच प्रश्न पडला होता. माणसांचे छोटे चेहरे रंगवून पोट भरणाऱ्या अनेकांचं काम गेलं, हे मुलाला खरं खरं सांगा. आजही चित्रांवर जगणाऱ्यांना झळ बसते आहे आणि ती किरकोळ नाही. पण पुढचंही सांगा. १८७४ साली मोने, रेन्वा, देगा या चित्रकारांनी आणि त्यांच्या मित्रांनी पॅरिसमध्ये आपलं पहिलं एकत्र प्रदर्शन भरवलं ते नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत. बदलता उजेड आपल्या नजरेला कसा भासतो, ते काढणं त्यांनी मनावर घेतलं होतं.

मुलाला एक काम द्या. त्याला आवडणारं कुठलंही पात्र किंवा प्राणी घ्यायचा. आधी अर्धा तास स्वतः काढायचा, मग यंत्राकडून काढून घ्यायचा, आणि दोन्ही शेजारी ठेवून यंत्राच्या चित्रात ‘माझ्या मनात असं नव्हतं’ अशा जागा दाखवायच्या. ज्याने आधी काढलंय त्याला अशा जागा पटापट दिसतात. आपल्या मनात नेमकं काय होतं, ते काढता काढताच कळत असतं. शिकायचं ते यासाठी. यंत्र वापरू नको असं मी म्हणणार नाही, पण आपल्या चित्राच्या आधी नको.

घरात मुलांच्या चित्रांचे ढीग झालेत. टाकवत नाहीत, ठेवायला जागा नाही. काय करावं?

सगळी ठेवू नका. महिन्यातून एकदा मुलाबरोबर बसा आणि काय ठेवायचं ते त्यालाच निवडू द्या. तुमची आवडती दोन-तीन तुम्ही वेगळी मागून घ्या. त्याची निवड तुम्हाला कळणार नाही, विचारा, कारण असतं. ठेवलेल्या प्रत्येक चित्राच्या मागे तारीख घाला आणि मूल त्याबद्दल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहा, शुद्धलेखन न सुधारता. मातीच्या आणि पुठ्ठ्याच्या वस्तूंचा फोटो काढा. भिंतीवर एका दोरीला चिमटे लावा, चित्रं बदलत राहू द्या, आणि कुठलं लावायचं ते त्यालाच ठरवू द्या, नाहीतर चांगल्या-वाईटाचा निकाल भिंतच देऊ लागते. उरलेल्यांच्या मागच्या बाजू कोऱ्या आहेत. त्यांच्या वह्या शिवा, पण मुलाला विचारून. त्याच्या नकळत मात्र एकही चित्र रद्दीत घालू नका.